शब्दचर्चा : आल्लाद, अलगद, लीलया

गेल्या आठवड्यात आत्तीला मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणायचं होतं. पोटाचं ऑपरेशन, टाके ओले, आणि आमचं गाव तासगावच्या अलीकडं, म्हंजे सांगलीतून कवलापूरवरनं पुढं. मागच्या सीटवर आत्ती आडवी, तिच्या उशाला आई, आणि मी स्टेअरिंगवर. गाडी हलल्यापासनं आत्तीचं एकच चाललेलं, "आल्लाद घे रं बाबा, आल्लाद." मी गाडी वीसवर आणली. तरी आल्लाद. मग पंधरा. मागं ट्रॅफिक तुंबलं, उसानं भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आम्हाला ओव्हरटेक करून गेला, म्हंजे बघा. शेवटी वैतागून विचारलं, "आत्ती, आल्लाद म्हंजे नेमकं किती स्पीडनं?" तर म्हातारी म्हणते, "स्पीडचं कोण बोलतंय? पळव की पळवायची तर. दणका नगं, एवढंच."

घरी आल्यावर पण डोक्यातनं जाईना. आल्लाद म्हंजे आमच्याकडचं अलगद. मी आजवर अलगद म्हणजे हळू असंच धरून चाललेलो, शाळेत पण समानार्थी शब्दात तेच लिहिलं असणार. आणि इथं चौथी शिकलेली बाई एका वाक्यात सांगून गेली की या शब्दाचा वेगाशी संबंधच नाही. मग बसलो वाक्यं करून बघत.

हळू बोल, चालतं. अलगद बोल, नाही चालत. हळू चाल, चालतं. अलगद चाल म्हटलं की ऐकणारा थांबून विचारणार, का, खाली काय सांडलंय? हळूच म्हटलं की त्यात चोरी आली, हळूच फडताळातला लाडू काढला, कुणाला कळू न देता. हळुवार म्हटलं की माया आली, हळुवार हात फिरवला. हलकेच थोडं कवितेतलं वाटतं, आमच्याकडं कुणी भाजी चिरताना हलकेच म्हणत नाही. आणि अलगद? झोपलेलं पोरगं अलगद गादीवर ठेवलं. अंड्याचा ट्रे अलगद उतरवला. पायातला काटा अलगद काढला. डोळा कधी लागला कळलंच नाही, अलगद झोप लागली. या सगळ्यात पोराला, अंड्याला, पायाला काही कळलंच नाही ही खरी गोष्ट आहे. काटा तर झटक्यातच निघतो, सावकाश काढत बसलं तर उलटं दुखतं, तरी आपण अलगद काढला म्हणतो. म्हणजे आत्तीचं बरोबर. अलगद हे वेगाचं माप नाही, दणक्याचं आहे. दणका शून्य म्हंजे अलगद.

शब्द आला कुठनं याबद्दल माझा अंदाज सांगतो, तो अलग याच्या घरातला वाटतो. अलगच्या मुळाशी संस्कृत अलग्न, न चिकटलेलं. लग्न म्हणजे चिकटलेलं, ज्यांची झालीत त्यांना वेगळं सांगायला नको. तर अलगद म्हणजे न टेकता, न लागता, मधी जरा फट ठेवून.

आणि हे मला पटायचं कारण पुस्तकातलं नाही, बागेतलं आहे. आमच्याकडं द्राक्षं आहेत, थोडी तास-ए-गणेश, थोडी दुसरी. ज्यांनी द्राक्ष फक्त हातगाडीवर बघितलंय त्यांच्यासाठी सांगतो, झाडावरच्या मण्यावर एक पांढरट पावडर असते, नैसर्गिकच, मेणासारखा पातळ थर. औषधाची पावडर समजून लोक घासून घासून धुतात ती सगळीच औषधाची नसते. त्या थरामुळं मण्यातलं पाणी लवकर उडत नाही आणि मालाला रूप येतं. बोट लागलं की ती पुसली जाते आणि तिथं चकचकीत डाग पडतो. म्हणून माल उतरताना घड देठाला धरायचा, कात्रीनं देठ कापायचा, आणि मण्याला हात न लावता क्रेटमधे टेकवायचा. लहानपणी सुट्टीत आम्हाला क्रेट भरायला बसवायचे तेव्हा दादांचं (माझे वडील) वाक्य ठरलेलं, "आल्लाद ठेव, हात लावू नको." आता ठेवणार तर हात न लावता कसं, यावर आम्ही भावंडं हसायचो. पण बघा, शब्दाचा अर्थ तिथंच सांगितलेला होता, ठेव पण लावू नको. आणि माल उतरणाऱ्या बायका काय सावकाश काम करत नाहीत हां, सरावलेली बाई कात्री चालवते ते बघत राहावं, तोंडानं गप्पा, हातानं घड, आणि एक मणी गळत नाही.

तर माझे प्रश्न. एक, आल्लाद हे रूप तुमच्याकडं आहे का, आणि कुठं कुठं? दोन, लीलया आणि अलगद यात फरक काय, पेपरवाले दोन्ही एकाच अर्थानं वापरतात. तीन, घार पंख न हलवता जाते त्याला मराठीत काय म्हणायचं? इंग्रजीत ग्लाईड म्हणून मोकळे होतात.

वाईकर : घारीचं मी सांगतो, कारण दोन वर्षांपूर्वी पाचगणीला पॅराग्लायडिंग केलंय, पोरांच्या हट्टापायी. तरंगणे म्हणू नका, तरंगणे पाण्यातलं, तरंगतो तो जागेवर असतो नाहीतर पाणी नेईल तिकडं जातो. घार कुठंतरी चाललेली असते. घिरट्या म्हणाल तर त्या गोल, आणि त्यात शिकारीचा वास. विहरणे फक्त निबंधात. आमच्याकडं घार हिंडते असंच म्हणतात. बिनकामाचा माणूस हिंडतो आणि घार पण हिंडते. पण त्यात खरं तर बरोबर आहे, कारण तिला कष्टच दिसत नाहीत. उन्हानं जमीन तापते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर चढते, घार त्या चढत्या हवेत गोल गोल फिरत बसते आणि हवाच तिला वर नेते. पंख मारायची गरजच नाही. पॅराग्लायडर पण तसंच, शिवाय डोंगराच्या उतारावर वारं आपटून वर वळतं त्याचाही उपयोग करतात. आता अलगदचं. पायलट मागं बांधलेला असतो, तो ओरडत असतो पळा पळा, बसू नका, पळत राहा. मी पन्नाशीतला, पोट सुटलेलं, उतारावर पळतोय, पुढं कडा, आणि पळता पळता एकदम कळलं की पाय पळतायत पण खाली काही लागत नाहीये. त्या क्षणाला दुसरा शब्दच नाही, अलगद. तुमचं न लागणं अगदी फिट्ट बसलं. नंतर खाली धोम धरणाचं पाणी, कृष्णेचं खोरं वगैरे लई भारी दिसतं पण माझं लक्ष बकलकडं होतं.

मिरजकर : आल्लाद आमच्यात पण आहे, आजी म्हणायची. वाईकर काका, मस्त लिहिलंय.

मी सतारीच्या बाजूनं लिहितो. मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्यांची गल्ली आहे हे माहीत असेलच, 2024 मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) पण मिळाला. मी स्वतः करत नाही, चार वर्षं शिकलो आणि सोडलं, पण शब्द राहिले. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता जायचं त्याला मींड म्हणतात, हे तर सगळ्यांना माहिती. पण सतारीवर ती दोन तऱ्हेनं होते. बोट तारेवरनं पडद्यांवर (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) घासत न्यायचं ती घसीट. आणि बोट त्याच पडद्यावर ठेवून तार आडवी ओढायची, ताण वाढला की सूर चढतो, ती मींड. आता ऐकणाऱ्याला मींड अलगद वाटते आणि घसीट नावातच घासणारी. पण हाताला विचारा. मींडेला डाव्या हाताच्या बोटाला अक्षरशः घट्टे पडतात, तार कापते, सुरुवातीला रक्त पण येतं. म्हणजे अलगद हे ऐकणाऱ्याच्या बाजूचं, वाजवणाऱ्याच्या नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, 1937 मधे गेले, दर्ग्यात समाधी आहे आणि दरवर्षी त्यांच्या नावानं गाणं असतं. तिथं रात्री दीड-दोनला कोणीतरी विलंबित आलापी करत असतं आणि बाजूला बसलेले म्हातारे 'क्या बात है' पण हळू आवाजात म्हणतात, मला नेहमी वाटतं की दाद पण आल्लाद द्यायची पद्धत आहे तिथं.

तंबोऱ्याचं राहिलं. तंबोरा छेडायचा म्हणतात पण शिकवताना गुरू छेड म्हणत नाहीत, बोट नुसतं तारेवरनं जाऊ दे म्हणतात. पहिल्या तारेला मधलं बोट, बाकी तीनला तर्जनी. ओढली की संपलं.

लेखक : मिरजकर दादा, जबरदस्त. घसीटचं लक्षातच आलं नव्हतं. एक घासतं, एक घासत नाही, आणि तरी कष्ट न घासणाऱ्याला जास्त. वाईकर काका, बकलवर हसलो.

जुना मास्तर : चर्चा चांगली चालली आहे. लीलयाबद्दल सांगतो. तो मुळात मराठी शब्दच नव्हे, संस्कृतातून विभक्तीसकट उचललेला आहे. लीला म्हणजे खेळ, त्याची तृतीया एकवचन लीलया, म्हणजे खेळाने, खेळता खेळता. जसे कृपा, तृतीया कृपया, म्हणजे कृपेने. हे दोघे सख्खे भाऊ. त्यामुळे 'कृपया करून दरवाजा बंद करावा' हे जेवढे चुकीचे तेवढेच 'लीलया पद्धतीने पेलले' हेही. विभक्ती आधीच लागली आहे, आणखी शेपूट कशाला? तेच अलगदपणे. अलगद हे क्रियाविशेषण आहे, त्याला पणे लावण्याची गरज नाही. सहजपणे चालते, कारण सहज हे विशेषणही आहे, सहज स्वभाव. अलगदपणे वाचले की मला तांदळात खडा लागल्यासारखे होते.

तिसरा शब्द तुम्ही सगळे विसरलात, अनायासे. आयास म्हणजे कष्ट, अनायास म्हणजे कष्टाविना. संस्कृतात लोक देवाकडे 'अनायासेन मरणं' मागतात, कष्टाविना मरण. आणि मराठीत त्याचे काय झाले? 'अनायासे आलाच आहेस तर जाताना गिरणीतून दळण घेऊन ये.' कष्ट टाळणारा शब्द दुसऱ्याला कामाला लावायला वापरतो आपण.

लेखक : मास्तर, नमस्कार. दळणाचं वाक्य आमच्या घरातलंच आहे. पण अलगदपणे बद्दल जरा भांडतो. आमच्याकडं 'आल्लाद हातानं' पण म्हणतात, आल्लाद हातानं भाकरी उलट. म्हंजे विशेषण झालंच की. मग पणे लावायला काय हरकत? कानाला मलाही बरं नाही वाटत, ते सोडा.

जुना मास्तर : आल्लाद हातानं हा मुद्दा मान्य. कान मात्र माझाच खरा.

पाटणची : आल्लाद हे आल्हाद वरून नाही का? आल्हाददायक हवा वगैरे. आमच्या मॅडमनी तसंच सांगितलेलं. मऊ, बरं वाटणारं, म्हणून आल्लाद.

लेखक : ताई, मला तसं वाटत नाही. आल्हाद हे नाम आहे, मनात होणारी गोष्ट. आल्हाद ठेव, आल्हाद उचल असं कुणी म्हणणार नाही. आणि ज्या तोंडात आल्लाद आहे त्या तोंडात आल्हाद कधीच नसतो हो, आमची आत्ती गार वारं सुटलं की 'झ्याक वाटतंय' म्हणेल, आल्हाददायक म्हणायला तिला परत ऑपरेशन करावं लागंल. अलगदमधला ग बोलता बोलता गेला आणि ल वर जोर आला, एवढंच असावं. मऊपणाचं पण नाही बसत, क्रेन दहा टनाचा गर्डर पुलावर अलगद ठेवते, त्यात मऊ काय आहे?

पाटणची : गर्डरचं पटलं. मग अजून एक, आमच्याकडं सडावाघापूरला तो उलटा धबधबा आहे ना, पावसाळ्यात पाणी कड्यावरनं खाली पडायच्या ऐवजी वाऱ्यानं वर उडतं. त्याचं वर्णन करताना सगळे लिहितात पाणी अलगद वर येतं. मी तिथलीच. तिथं उभं राहिलं की छत्रीची काडी न् काडी मोडते, तोंडावर पाणी चाबकासारखं बसतं, बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. अलगद?? लांबनं मोबाईलवर बघितलं तर वाटत असेल.

लेखक : हे लई मोलाचं उदाहरण आहे. व्हिडिओत आवाज बंद करून बघितलं की सगळंच अलगद.

तुरा घातलेला पैलवान : लीलयाचं आखाड्यातनं सांगतो. कुंडलच्या मैदानात निवेदक माईकवर ओरडतो, "लीलया अस्मान दाखवलं!" तो कधीच अलगद अस्मान दाखवलं म्हणणार नाही. कारण पडलेल्याला विचारा, अलगद आपटलो का. लीलया म्हटलं की कौतुक करणाऱ्याचं होतं, बघा गड्याला काहीच वाटलं नाही. अलगद म्हटलं की लक्ष त्याच्यावर, ज्याला उचललंय. कुस्ती जिंकल्यावर जिंकलेल्याला खांद्यावर घेतात ते अलगद घेतात. फरक एवढाच हाय. तालमीत वस्ताद लीलया म्हणत न्हाईत, ते म्हणतात "लोण्यागत जाऊ दे".

विट्याचा : भावांनो आजकाल लोण्यागत नाही, मक्खन. नवीन हायवे मक्खन, गिअर मक्खन पडतो. पण गंमत म्हंजे रस्ता मक्खन असतो, रस्ता अलगद नसतो. वस्तूला मक्खन, क्रियेला अलगद. बाकी चालू द्या.

सातारा शहर : एक शंका. पेपरात रोज असतं, 'लाच घेताना अमुक अलगद जाळ्यात अडकला', 'चोरटा अलगद सापडला'. वरच्या व्याख्येनं हे चूक म्हणायला पाहिजे, कारण धरल्यावर त्याला दणका तर बसतोच, नोकरीचाही आणि इतरही.

लेखक : मी पण आधी चूकच म्हणणार होतो, पण दोन दिवस विचार केला (बागेत फवारणी चालू असली की विचार करायला लई वेळ असतो). मासा जाळ्यात येतो तेव्हा जाळं हलत नाही, मासाच पोहत पोहत आत येतो. त्याला शेवटपर्यंत वाटत असतं आपण मोकळ्या पाण्यात आहोत. दणका नंतर, ओढल्यावर. अडकायच्या त्या क्षणाला काहीच लागलेलं नसतं. म्हणून 'अलगद अडकला' बरोबर आणि 'अलगद अटक केली' चूक. क्रिकेटमधे पण तेच, फलंदाजानं अलगद झेल दिला म्हणतात, उडी मारून एका हातात घेतलेल्या झेलाला कोणी अलगद म्हणत नाही. चेंडू स्वतःच चालत हातात आल्यागत आला पाहिजे.

उलट खटकतं ते दुसरं. 'शेअर बाजार अलगद कोसळला' असं परवा वाचलं. कोसळला तर अलगद कसा? घरंगळला म्हणा, घसरला म्हणा. घरंगळणे हा पण बिनकष्टाच्या हालचालीचाच शब्द आहे, पण त्याला उतार लागतो आणि थांबायचं हातात नसतं. अलगदमधे कुणाचा तरी हात असतो, दिसत नसला तरी. झोपलेल्या पोराला आईचा, मण्याला कात्रीवालीचा, वाईकर काकांना हवेचा आणि मागं बांधलेल्या पायलटचा.

मिरजकर : मग अलगद झोप लागली यात कुणाचा हात?

लेखक : दादा, इथं अडकलो.

जुना मास्तर : अलगद अडकलात.

वाईकर : 😄 बरं ते जाऊ द्या, मराठीत दुसरी पण गंमत बघा, हालचालीचे आपले बहुतेक शब्द आवाज करतात. सुळकन, सर्रकन, भुर्रकन, टुणकन, झपकन, धाडदिशी. सगळ्यांच्या शेपटाला कन नाहीतर दिशी. अलगदला आवाज नाही, जोडी पण नाही, सरसर झरझर असतं पण अलगदअलगद कोणी म्हणत नाही. गपचूप येऊन काम करून जाणारा शब्द आहे.

पाटणची : आमच्याकडं 'आल्लाद आल्लाद' म्हणतात हो. बाळंतिणीला खाटेवरनं उठवताना. आल्लाद आल्लाद, घाई नको.

लेखक : ताई, आत्तीनं पण दोनदाच म्हटलं होतं, वर बघा. वाईकर काका गेले.

वाईकर : गेलो. पण बाळंतीण आणि टाके घातलेली आत्ती सोडून तिसरं उदाहरण द्या, मग मानतो.

लेखक : देतो. काल आत्तीचे टाके काढायला परत मिरजेला नेलं. येताना म्हटलं आता शब्द कळलाय तर चाळीसनं चालवू, फक्त खड्डा चुकवू. कवलापूरपर्यंत एक दणका लागला नाही, स्वतःवरच खूष. तर घरात शिरता शिरता आत्तीनं आईला हाक मारली, चुलीवर दूध वर आलेलं तिला दारातनंच दिसलं, "अगं पातेलं उतर, आल्लाद आल्लाद, साय मोडंल." घ्या, सायीचं झालं तिसरं.